पूल, बखर आणि जखमी : ‘नेरेत्वाची लढाई’ या चित्रपटाच्या निमित्ताने

१

बुलडाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. पलसिद्ध स्वामींचा मठ आणि प्रल्हाद महाराज रामदासी यांचे स्थान यांमुळे विदर्भ-मराठवाड्यातील भाविकांना ते परिचित आहे. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र या गावाचे नाव एका लढाईमुळे येते. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची गाठ पडली. मुबारिजखान मारला गेला, दक्षिणेचा कारभार निजामाच्या हाती आला आणि पुढे सव्वादोनशे वर्षे टिकलेल्या हैदराबाद राज्याचा पाया येथेच घातला गेला.

या लढाईनंतरच्या दोन घटना आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, मुबारिजखान हा दिल्लीच्या दरबाराच्या गुप्त संमतीने लढत होता. तरीही निजामाने त्याचे शिर दिल्लीला पाठवले आणि एका बंडखोराचा नाश झाल्याबद्दल बादशहाचे अभिनंदन केले. बंडखोर कोण आणि राजनिष्ठ कोण, हे लढाईपूर्वी ठरलेले नव्हते. ते लढाईनंतर, जिंकणाऱ्याने ठरवले. दुसरी घटना नावाची. विजयाच्या स्मरणार्थ निजामाने गावाला ‘फतेहखेर्डा’ असे नाव दिले. ते नाव फारसी साधनांत आले, त्यांच्या आधाराने लिहिलेल्या इतिहासग्रंथांतही आले. गावाने मात्र स्वतःला साखरखेर्डा म्हणणे सोडले नाही. आज एस.टी.च्या पाटीवर ‘साखरखेर्डा’ हेच नाव असते, आणि ‘फतेहखेर्डा’ म्हणजे काय हे विचारण्यासाठी इतिहासाचा अभ्यासक शोधावा लागतो.

याच परिसरातील पदव्युत्तर वर्गाच्या काही विद्यार्थ्यांसह आम्ही काही प्राध्यापक-मित्रांनी मध्यंतरी ‘नेरेत्वाची लढाई’ (१९६९) हा युगोस्लाव्ह चित्रपट पाहिला. ‘महाकाव्य आणि राष्ट्र’ या घटकाच्या निमित्ताने हा चित्रपट निवडला होता. चित्रपट संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आपल्याकडच्या स्वातंत्र्यसैनिकांवर सरकारने असा पिक्चर का नाही काढला?” प्रश्न साधा होता आणि त्यात थोडी तक्रारही होती. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा दुसरा प्रयत्न आहे.

२

प्रथम लढाईविषयी. एप्रिल १९४१ मध्ये हिटलरच्या जर्मनीने आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी युगोस्लाव्हिया जिंकून त्याची वाटणी केली. क्रोएशिया आणि बॉस्नियात उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेचे राज्य आले. प्रतिकार करणारे दोन गट होते. टिटोच्या नेतृत्वाखालील कम्युनिस्ट पार्टिझन हा एक. आणि राजाशी निष्ठा असलेले, प्रामुख्याने सर्बियन, चेत्निक हा दुसरा. थोड्याच काळात हे दोन गट एकमेकांशी लढू लागले आणि अनेक ठिकाणी चेत्निकांनी इटालियन सैन्याशी हातमिळवणी केली. म्हणजे ज्याला आपण ‘परकीय आक्रमणाविरुद्धचा लढा’ म्हणतो, त्याच्या पोटात एक यादवी युद्धही चालू होते. पुढील विवेचनासाठी हा मुद्दा लक्षात ठेवावा लागेल.

जानेवारी १९४३ मध्ये जर्मनांनी पार्टिझनांना कायमचे संपवण्यासाठी ‘व्हाइस’ (म्हणजे पांढरा) या सांकेतिक नावाची मोहीम उघडली. जर्मन, इटालियन, उस्ताशांचे सैन्य आणि चेत्निक यांच्या कोंडीत सापडलेले पार्टिझन बॉस्नियातून नेरेत्वा नदीकडे सरकू लागले. त्यांच्याबरोबर सुमारे चार हजार जखमी आणि आजारी सैनिक होते. त्यांतील कित्येकांना टायफस झाला होता. जखमींना मागे सोडले असते तर सैन्याला वेगाने निसटता आले असते. परंतु मागे राहिलेल्या जखमींचे काय होते, हे सर्वांना ठाऊक होते. त्यांना घेऊनच नदी ओलांडायची असा निर्णय झाला. म्हणूनच या लढाईला तिकडे ‘जखमींसाठीची लढाई’ असेही म्हणतात.

मार्चच्या आरंभी याब्लानित्सा येथील रेल्वेचा लोखंडी पूल पार्टिझनांनी स्वतःच उडवला. शत्रूला वाटले, हे आता नदी ओलांडणार नाहीत, दुसरीकडे वळतील. पार्टिझनांनी मागून येणाऱ्या जर्मनांवर उलट हल्ला करून त्यांना थोपवले आणि नंतर पडलेल्या पुलाच्या सांगाड्यावर फळ्या टाकून, रात्रीच्या अंधारात, पलीकडच्या काठावरील चेत्निकांवर हल्ला करून वाट मोकळी केली. त्याच फळ्यांवरून जखमींना नेण्यात आले. अवजड तोफा आणि वाहने नदीत ढकलावी लागली. पूल पाडणे ही आधीपासून रचलेली युक्ती होती, की बदललेल्या परिस्थितीतून निघालेला मार्ग होता, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. चित्रपटात असा मतभेद नाही; तेथे ती सेनापतीची दूरदृष्टी आहे.

३

दिग्दर्शक वेल्को बुलायिच यांचा जन्म १९२८ चा, माँटेनेग्रोतला. किशोरवयातच ते पार्टिझनांत सामील झाले होते. युद्धानंतर रोममध्ये चित्रपटकलेचे शिक्षण घेतले. इटालियन नववास्तववादाचा संस्कार त्यांच्यावर होता. ‘कोझारा’ (१९६२) या चित्रपटाने त्यांचे नाव झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या राष्ट्रासाठी त्यांनी आपला सर्वांत मोठा चित्रपट केला ते राष्ट्र नकाशावर नव्हते.

‘नेरेत्वाची लढाई’ या चित्रपटाच्या मागे टिटोचे राज्य सर्वस्वी उभे होते. चित्रीकरण वर्षाहून अधिक काळ चालले. युगोस्लाव्ह लोकसेनेचे सुमारे दहा हजार सैनिक कामाला लावण्यात आले. खेडी उभारून ती जाळण्यात आली. खर्चाचे आकडे पंचेचाळीस लाख डॉलरपासून एक कोटी वीस लाख डॉलरपर्यंत निरनिराळे दिले जातात. आणि एखाद्या कलाकृतीच्या खर्चाचा नक्की आकडा सांगता येऊ नये, यातच त्यामागच्या आश्रयदात्याचे स्वरूप स्पष्ट होते. सैन्य, रणगाडे आणि रेल्वे ज्याच्या मालकीचे, त्याला हिशेब ठेवण्याचे कारण नसते.

नटसंच पाहिला तरी हेच दिसते. अमेरिकेचा युल ब्रिनर पूल उडवणाऱ्या सुरुंगतज्ज्ञाच्या भूमिकेत, ऑर्सन वेल्स चेत्निकांचा पुढारी, रशियाचा सेर्गेई बोंदार्चुक तोफखान्याचा अधिकारी, इटलीचा फ्रँको नेरो, जर्मनीचे कर्ट युर्गेन्स आणि हार्डी क्रूगर. शीतयुद्धाच्या ऐन काळात वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन्ही बाजूंची माणसे एका पडद्यावर आणणे हे अलिप्ततावादी युगोस्लाव्हियाचे परराष्ट्रधोरणच होते. ते येथे पात्रयोजनेच्या रूपाने प्रकट झाले. चित्रपटाच्या एका भित्तिपत्रकासाठी खुद्द पिकासोने चित्र काढून दिले. सारायेवो येथे २९ नोव्हेंबर १९६९ रोजी प्रथम खेळ झाला. हा दिवस मुद्दाम निवडलेला होता. २९ नोव्हेंबर १९४३ रोजी यायत्से येथील बैठकीत नव्या युगोस्लाव्हियाचा पाया घातला गेला होता आणि तो दिवस प्रजासत्ताकदिन म्हणून पाळला जात असे. पुढे परभाषी चित्रपटांच्या ऑस्कर-स्पर्धेत हा चित्रपट अंतिम पाचांत पोहोचला.

४

मराठीच्या विद्यार्थ्याला हा सगळा प्रकार अपरिचित वाटण्याचे कारण नाही. राजाच्या आज्ञेवरून लिहिलेला इतिहास हा आपल्या गद्याच्या आरंभकाळातील एक प्रमुख प्रकार आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने छत्रपती राजारामांच्या आज्ञेवरून जिंजी येथे १६९७ च्या सुमारास शिवचरित्र लिहिले. बखरीच्या सुरुवातीलाच आज्ञा येते, मग लेखक ती पार पाडतो. ‘नेरेत्वाची लढाई’ हा चित्रपट आम्हाला या अर्थाने बखर वाटतो. त्यात स्वामिनिष्ठा आहे, शत्रूची निर्भर्त्सना आहे, संख्येची अतिशयोक्ती आहे, आणि अनुभवाचा अस्सल कणही आहे. बखरीला केवळ ‘अविश्वसनीय’ म्हणून बाजूला टाकणे जसे चूक, तसेच या चित्रपटाला ‘प्रचार’ म्हणून निकालात काढणे चूक आहे. विचारायचा प्रश्न असा : आज्ञा देणाऱ्याला काय हवे होते, आणि त्याने न मागितलेले असे लेखकाने काय दिले?

आज्ञा देणाऱ्याला काय नको होते, ते आधी पाहू. मार्च १९४३ मध्ये, म्हणजे ही लढाई चालू असतानाच, पार्टिझनांचे तीन प्रतिनिधी जर्मनांशी बोलणी करत होते : मिलोवान जिलास, कोचा पोपोविच आणि व्लादिमिर वेलेबित. कैद्यांची अदलाबदल आणि पार्टिझनांना रीतसर युद्धमान पक्ष म्हणून मान्यता, हे विषय होते. जखमींच्या जिवाशी या बोलण्यांचा प्रत्यक्ष संबंध होता, आणि कोंडीत सापडलेल्या कोणत्याही सेनापतीने असा प्रयत्न केला असता. त्यात लाज वाटावी असे काही नव्हते. तरीही ‘शेवटपर्यंत न वाकणारे’ या प्रतिमेत हे प्रकरण बसत नव्हते. जिलास पुढे टिटोचे विरोधक झाले, तुरुंगात गेले, आणि युद्धकाळावरील त्यांच्या आठवणी १९७७ मध्ये परदेशात प्रसिद्ध झाल्या. १९६९ च्या चित्रपटात या बोलण्यांना जागा असणे शक्यच नव्हते.

दुसरी वगळलेली गोष्ट यादवीची. चित्रपटात चेत्निक आहेत, परंतु ते शत्रूचे हस्तक म्हणून. त्यांच्यापैकी अनेक जण शेजारच्या खेड्यातील शेतकरी होते, उस्ताशांच्या कत्तलींतून जीव वाचवून डोंगरात आलेले होते, आणि काहींचे भाऊ पार्टिझनांत होते, हे सांगायचे तर ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यामधली रेघ पुसट होते. टिटोच्या राज्याचे अधिष्ठान ‘बंधुत्व आणि ऐक्य’ या घोषणेवर होते. त्या घोषणेसाठी शत्रू बाहेरचा असणे आवश्यक होते. आतला शत्रू दाखवायचाच असेल तर तो बाहेरच्याचा नोकर म्हणून दाखवायचा. साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर बंडखोराची व्याख्या जशी ठरली, तशीच येथेही ठरली.

५

आणि तरीही हा चित्रपट केवळ आज्ञापालन नाही. आमच्या मते त्यातील सर्वांत बळकट भाग तोफांचा नाही, जखमींचा आहे. झोळ्या, बैलगाड्या, खांद्यावर घेतलेली माणसे, बर्फाळ डोंगरवाट, टायफसच्या तापात भ्रमिष्ट झालेले सैनिक, आणि या सर्वांमुळे प्रत्येक पावलाला मंदावणारे सैन्य. युद्धपटात गती हा गुण मानला जातो. येथे गती सतत रोखली जाते. वेढ्यात अडकलेले लोक जेव्हा गाऊ लागतात, तेव्हा ते विजयाचे गाणे वाटत नाही; अंधारात एकमेकांचा आवाज ऐकू यावा म्हणून ते गातात असे वाटते. तरुणपणी स्वतः हा अनुभव घेतलेल्या आणि नववास्तववादात घडलेल्या दिग्दर्शकाने राज्याच्या मागणीपेक्षा जास्त असे काही येथे दिले आहे. राज्याने विजय मागितला होता. त्याने ओझे दाखवले.

या संदर्भात पानिपतच्या बखरी आठवतात. रघुनाथ यादवाची पानिपतची बखर ही गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली असे सांगितले जाते. गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी; त्यांचा मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला. ही आज्ञाही सत्तेच्या घरातलीच, पण आज्ञा करणारी व्यक्ती तेथे विजय मागू शकत नव्हती. झाले काय, कसे झाले, एवढेच ती विचारू शकत होती. आश्रयदाता असणे हा स्वतः दोष नव्हे. तो काय ऐकायला तयार आहे यावर सर्व अवलंबून असते. सभासदाची बखर संस्थापनेची, रघुनाथ यादवाची शोकाची. ‘नेरेत्वाची लढाई’ ही संस्थापनेची बखर आहे. तिच्या मध्यभागी मात्र एक शोकाची बखर दडलेली आहे.

चार वर्षांनी, १९७३ मध्ये, ‘सुत्येस्का’ हा त्याच परंपरेतील दुसरा भव्य चित्रपट आला. त्यात टिटोची भूमिका रिचर्ड बर्टनने केली. तेथपर्यंत येता येता नायक डोंगरातल्या अनामिक माणसांकडून एका चेहऱ्याकडे सरकला होता. बखरीच्या वाचकाला हा प्रवासही ओळखीचा आहे.

६

आता पुलाची गोष्ट. चित्रीकरणासाठी याब्लानित्सा येथील पूल खरोखरच उडवायचे ठरले. नदीवर खराखुरा लोखंडी पूल, खरी सुरुंगाची दारू, आणि समोर कॅमेरे. पूल उडाला, परंतु धूर इतका दाट झाला की चित्रीकरण उपयोगाचे राहिले नाही. शेवटी पडद्यावर दिसणाऱ्या दृश्यासाठी पुलाची छोटी प्रतिकृती करून ती प्रागच्या स्टुडिओत उडवावी लागली. आज याब्लानित्सात नदीच्या पात्रात झुकलेला जो लोखंडी सांगाडा प्रवाशांना दाखवला जातो, आणि ज्याच्या शेजारी १९७८ मध्ये या लढाईचे संग्रहालय उघडण्यात आले, तो १९४३ च्या पुलाचा नाही. तो चित्रपटासाठी पाडलेल्या पुलाचा आहे.

ही माहिती आम्ही वर्गात सांगितली तेव्हा मुले हसली, मग गप्प झाली. एका मुलीने विचारले, “म्हणजे तिथं जाऊन हात जोडणारे लोक कशाला हात जोडतात?” यावर घाईने उत्तर देऊ नये असे आम्हाला वाटते. हात जोडणारा मनुष्य लोखंडाला नव्हे, माणसांना हात जोडतो, असे म्हणता येईल. आणि ते खोटेही नाही. परंतु दुसरी बाजू अशी की, राज्याने लढाईचे चित्र काढता काढता लढाईची जागाच बदलून टाकली. मूळ अवशेष गेला आणि चित्राचा अवशेष त्याच्या जागी बसला. स्मारकाने मूळ घटनेवर कुरघोडी करण्याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही. ‘फतेहखेर्डा’ हे नाव गावावर बसले नाही. कारण नाव बोलणाऱ्यांच्या तोंडी असते. पुलाला तोंड नव्हते.

याच नदीवर, याब्लानित्साच्या खालच्या अंगाला, मोस्टार शहर आहे. तेथील सोळाव्या शतकातला दगडी कमानीचा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट तोफांच्या माऱ्याने कोसळला. दोन्ही काठांवर लढणारे लोक टिटोच्या शाळांतून शिकलेले होते. ‘नेरेत्वाची लढाई’ त्यांनी लहानपणी शाळेच्या सहलीने नाहीतर दूरचित्रवाणीवर पाहिली असणार. बंधुत्व आणि ऐक्याची जी बखर राज्याने दहा हजार सैनिक लावून लिहिली, ती त्या राज्याला वाचवू शकली नाही. चित्रपटाने युद्ध घडवले असे कोणी म्हणणार नाही. पण १९४३ च्या पोटातील यादवीबद्दल पन्नास वर्षे मोकळेपणाने बोलता आले नाही आणि न बोललेले घराघरांत साठत गेले, हे नाकारता येत नाही. मोस्टारचा पूल २००४ मध्ये पुन्हा बांधून पूर्ण झाला. याब्लानित्साचा सांगाडा होता तसाच आहे.

७

विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. आपल्याकडे असा चित्रपट का नाही?

योगायोग असा की, ज्या नोव्हेंबर १९६९ मध्ये सारायेवोत ‘नेरेत्वा’ झळकला, त्याच महिन्यात आपल्याकडे ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ प्रदर्शित झाला. विषय गोवामुक्तीचा. निरनिराळ्या प्रांतांतील सहा तरुण आणि गोव्याची मारिया अशी सात माणसे पोर्तुगीज हद्दीत शिरून तिरंगा फडकवतात. कृष्णधवल चित्रपट, तुटपुंजा पैसा, सैन्य नाही, रणगाडे नाहीत. आणि अमिताभ बच्चन नावाचा एक अनोळखी नट. बंगाल्याने पंजाबी व्हायचे, केरळच्या नटाने बंगाली व्हायचे, अशी अब्बास यांची पात्रयोजना होती. एकात्मतेचा आग्रह येथेही आहे, थोडा भाबडाही आहे. राज्याने या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार दिला, पण तो पूर्ण झाल्यावर. पुरस्कार आणि आज्ञा यांत फरक आहे.

त्याच १९६९ सालच्या जानेवारीत आणखी एक घटना घडली होती. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटले. १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते गोळ्या लागून जखमी झाले आणि पकडले गेले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. रानडे मात्र त्यानंतरही सात वर्षे पोर्तुगालच्या कैदेत होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांच्यासारख्यांना खटपट करावी लागली. सुटून आल्यावर रानड्यांनी ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन लिहिले.

‘नेरेत्वा’तील एकच गोष्ट आपल्या राज्यव्यवस्थेने घ्यावी असे आम्हाला वाटते, आणि ती भव्यता नव्हे. जखमीला मागे सोडायचे नाही, ही ती गोष्ट. येथे लढाई जिंकली गेली, ध्वज फडकला, आणि जखमी नदीच्या पलीकडच्या काठावर राहिला. अशा राज्याने महाकाव्य काढण्यापूर्वी मागे वळून कोण राहिले ते मोजणे जास्त उचित झाले असते.

राज्याच्या पैशाने आपल्याकडे चित्रपट झालेच नाहीत असे नाही. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) केंद्र आणि महाराष्ट्र शासनाच्या साहाय्याने झाला आणि ते साहाय्य नसते तर एवढ्या आवाक्याचा चित्रपट होणे कठीण होते. म्हणून सरकारी पैसा म्हटला की नाक मुरडावे, असे आमचे म्हणणे नाही. एक वर्षानंतर सुधीर फडके यांचा ‘वीर सावरकर’ लोकवर्गणीतून आला. वर्गणीदारांच्याही अपेक्षा असतात. पैसा कोणाचाही असो, तो देणाऱ्याला काय ऐकवणार, हाच प्रश्न उरतो.

आमच्या भागापुरता तो प्रश्न असा उभा राहतो. साखरखेर्डा वऱ्हाडात; वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अमलात. पश्चिमेकडे-दक्षिणेकडे थोडे चालले की निजामाची हद्द लागत असे. १७२४ मध्ये या गावाच्या शिवारात ज्या राज्याचा पाया पडला, ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्राम, रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरील छावण्या, शाळा सोडून गेलेली मुले : भव्य चित्रपटाला लागणारे सर्व काही येथे आहे. आणि त्यात न बसणारेही आहे. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि अन्यत्र मुस्लिम वस्त्यांवर जे हल्ले झाले त्यांची चौकशी करण्यासाठी भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. उद्या राज्याने मराठवाड्याच्या मुक्तीचे महाकाव्य काढायचे ठरवले, तर रझाकार पडद्यावर असतील याची खात्री आहे. सुंदरलाल समिती असेल का? रझाकारांच्या छळाने घर सोडलेला शेतकरी आणि सप्टेंबरनंतर घर सोडलेला त्याचा शेजारी, हे दोघे एकाच चित्रपटात मावतील का? मावले, तर आम्ही सर्वांत आधी तिकीट काढू. मावले नाहीत, तर आपल्यालाही एक याब्लानित्सा मिळेल : नदीत झुकलेला देखणा सांगाडा, आणि त्याखाली गेलेला खरा पूल.

८

विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर आता आम्ही असे देऊ. असा चित्रपट नाही याची खंत बाळगण्याचे फारसे कारण नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारची आठवण पोवाड्यांतून आणि कार्यकर्त्यांच्या आत्मकथनांतून टिकली, गोव्याची ‘सतीचे वाण’सारख्या पुस्तकांतून, मराठवाड्याची अजूनही घराघरांत, बरीचशी न लिहिलेली. ती तुटक आहे, परस्परविसंगत आहे, एकाच घटनेच्या तीन हकिकती तीन गावांत मिळतात. अभ्यासकाला हा उपद्रव वाटतो. पण एकाच हकिकतीवर दहा हजार सैनिकांचा पहारा बसला म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले.

हा चित्रपट मात्र अवश्य पाहावा, आणि विद्यार्थ्यांना दाखवावा. त्यातील जखमींची रांग पाहताना कोणाचा लढा, कोणते राज्य, हे विसरायला होते. ते या कलाकृतीचे यश आहे. नंतर पुलाची हकिकत सांगावी.

त्या वर्गातील चार मुलांनी यंदा प्रकल्पासाठी आपापल्या गावांतील वृद्धांच्या सप्टेंबर १९४८ च्या आठवणी नोंदवायला घेतल्या आहेत. सांगणारे आता नव्वदीच्या आसपास आहेत, काहींना नावे आठवत नाहीत. पहिल्या नोंदीत एक आजी सांगतात की त्यांच्या वाड्यात दोनदा माणसे लपली होती : एकदा पावसाळ्याच्या सुरुवातीला, आणि दुसऱ्यांदा पोळ्यानंतर. पहिल्या वेळी कोण आणि दुसऱ्या वेळी कोण, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “दोन्ही वेळी भाकरी आमचीच होती.” मुलांनी हे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले आहे.